रॉबर्ट रेमाक: पेशीची सीमा पाहणारा माणूस

पेशीसिद्धान्त पाठ करताना आपण सगळे तीन नावं घोकतो: श्लायडेन, श्वान आणि फिरखो. चौथं नाव क्वचितच कुणी विचारतं. वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते माहीत असतं, कारण शरीरातल्या काही मज्जातंतूंना आजही रेमाक तंतू म्हणतात. मी साहित्याची विद्यार्थिनी, माझा आणि मायक्रोस्कोपचा संबंध बारावीलाच संपला. तरी या माणसावर लिहावंसं वाटलं.

रॉबर्ट रेमाक यांचा जन्म १८१५ सालचा, पोझेनचा. हे शहर तेव्हा प्रशियाच्या राज्यात होतं, आज ते पोलंडमध्ये आहे. घर ज्यू. शिकायला ते बर्लिनला गेले, योहानेस म्युलर या मोठ्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली. १८३८ साली डॉक्टर झाले आणि त्याच वर्षी मज्जातंतूंवरचं त्यांचं संशोधन प्रसिद्ध झालं. एवढ्या हुशार मुलाला विद्यापीठात शिकवायची जागा मिळायला हरकत नव्हती. पण प्रशियात ज्यू माणसाला ती वाट बंद होती. एकच पळवाट होती: बाप्तिस्मा घ्यायचा. कितीतरी जणांनी तो घेतला. रेमाक यांनी घेतला नाही. १८४३ साली त्यांनी थेट राजाकडे अर्ज केला, पण नकार आला.

कॅथलिक घरात वाढलेल्या मला इथे थांबावंच लागतं. आमच्याकडे बाप्तिस्मा म्हणजे पांढरा झबला, मेणबत्ती आणि पाहुण्यांनी भरलेलं घर. तोच बाप्तिस्मा कुणाला नोकरीच्या अर्जाला जोडायचा कागद म्हणून मागितला गेला, हे वाचून मला लाज वाटली. आणि श्रद्धा अशी विकत द्यायची नाही हे ज्याला कळलं होतं, तो आमच्या धर्माचा नव्हता.

पोटासाठी रेमाक डॉक्टरकी करत राहिले आणि उरलेल्या वेळात संशोधन. त्या काळी श्वान यांचं मत सर्वमान्य होतं. पाकात खडीसाखरेचे खडे धरतात, तशा द्रवातून नव्या पेशी तयार होतात, असं ते मत. रेमाक यांना ते पटेना. १८४१ साली त्यांनी कोंबडीच्या गर्भातल्या रक्तपेशी दुभंगताना पाहिल्याचं लिहिलं. पण दिसलं म्हणजे सिद्ध झालं, असं त्यांनी मानलं नाही. ते तपासत राहिले. शेवटी १८५२ साली त्यांनी ठामपणे मांडलं की प्राण्यांमध्ये नवी पेशी जुन्या पेशीच्या विभाजनातूनच येते.

खरा वाद पेशीच्या पटलाचा होता. बेडकाचं अंडं फलित झालं की त्यावर खाच पडते आणि एकाचे दोन, दोनाचे चार भाग होतात. पण पटल खाचेबरोबर आत जातं, की आत नवीन तयार होतं? ते इतकं पातळ की दिसतच नव्हतं. रेमाक यांनी रसायनं वापरून अंडी कडक केली आणि मग पाहिलं. जुनंच पटल मध्यभागी आत ओढलं जातं आणि दोन्ही पेशींचं आवरण होतं.

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. केंद्रकही मधोमध आवळून दोन होतं, असं ते समजत. वॉल्टर फ्लेमिंग यांनी १८८२ च्या ग्रंथात दाखवलं की आत धाग्यांसारखी रचना दिसू लागते आणि ते धागे उभे चिरून वाटले जातात. आज आपण शिकतो की आपल्या पेशींत त्या वेळी केंद्रकाचं आवरण विरतं आणि नंतर पुन्हा बांधलं जातं. गॉल्गी संकुलाचे तुकडे होऊन दोन्हीकडे जातात. तंतुकणिकाही वाटल्या जातात, त्या शून्यातून तयार होत नाहीत. म्हणजे जुन्यातूनच नवं, हे रेमाक यांचं म्हणणं पेशीच्या आतही बरंचसं लागू पडलं.

दरम्यान १८४७ साली, अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांच्यासारख्यांच्या पाठिंब्यामुळे, ते बर्लिन विद्यापीठात व्याख्याते झाले. धर्म न बदलता तिथे शिकवणारे ते पहिले ज्यू. १८५५ साली रुडॉल्फ फिरखो यांनी पेशीतूनच पेशी येते हे तत्त्व मांडलं, पण रेमाक यांचं नाव घेतलं नाही. पुढच्याच वर्षी फिरखो बर्लिनमध्ये प्राध्यापक झाले. रेमाक यांना १८५९ मध्ये खालच्या दर्जाचं प्राध्यापकपद मिळालं, पूर्ण प्राध्यापकपद कधीच नाही. १८६५ साली, वयाच्या पन्नाशीत, ते वारले.

त्यांच्या नातवाचं नावही रॉबर्ट रेमाकच. तो गणितज्ञ होता. १९४२ साली आउशवित्झच्या छळछावणीत त्याचा अंत झाला. आजोबांना नुसती नोकरी नाकारली होती. नातवापर्यंत येईतो त्याच द्वेषाने जगणंच नाकारलं.

पुढच्या परीक्षेत कुणी पेशीसिद्धान्त लिहायला घेतला, तर फिरखोंच्या आधी रेमाक यांचं नाव जरूर लिहा. मार्क वाढणार नाहीत कदाचित, पण उत्तर जास्त खरं होईल.