महर्षी कर्वे आणि साताऱ्याची वाट



गुरुजींनी प्रत्येकाला एकेका थोर माणसाची माहिती लिहायला सांगितली. मी महर्षी धोंडो केशव कर्वे यांची लिहीत आहे.

त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात शेरवली येथे झाला. दापोलीजवळच्या मुरूड गावी ते वाढले. घरची गरिबी होती. पण घरात लिहिणं-वाचणं होतं, आणि शाळेत सोमण गुरुजी होते. हे गुरुजी नुसता धडा शिकवून थांबत नसत, मुलांना गावाच्या कामातही ओढीत. मला वाटतं कर्व्यांचं अर्धं नशीब इथंच उघडलं.

सहावीची सरकारी परीक्षा गावात नव्हती. सतराव्या वर्षी ते साताऱ्याला चालत निघाले. अंतर ११० मैल, म्हणजे सुमारे १७५ किलोमीटर! वाटेत कुंभार्ली घाट. (मी एकदा तालुक्याला आठ किलोमीटर चालत गेलो तर दुसऱ्या दिवशी शाळा बुडाली.) साताऱ्याला पोचले, तर साहेबांनी बघितलं, पोरगं अंगानं लहान. सतरा वर्षांचं दिसत नाही म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. तसेच माघारी आले. पुढे कोल्हापूरला जाऊन तीच परीक्षा दिली आणि पास झाले. १८८४ साली बी. ए. झाले. १८९१ पासून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले.

आता गोदूबाईंचं ऐका. त्याही कोकणातल्याच, देवरुखच्या. आठव्या वर्षी विधवा झाल्या. त्यांना साताऱ्याची वाटच नव्हती. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं, तेव्हा कुठं त्यांना पाटी मिळाली. १८९३ साली कर्व्यांनी त्यांच्याशी लग्न केलं. त्यावर मुरूडच्या लोकांनी कर्व्यांवर बहिष्कार टाकला. ज्या गावानं घडवलं त्याच गावानं!

१८९६ साली कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. पुढे तो हिंगण्याच्या माळावर झोपडीत नेला. कॉलेज सुटलं की ते पुण्याहून तिथं चालत जात. चालायची सवय लहानपणचीच. गोदूबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले याही विधवा. पंचविशी उलटल्यावर त्या शिकू लागल्या, आणि १९१८ साली थेट अमेरिकेला गेल्या. इंग्रजी शिकायला, आश्रमासाठी पैसे जमवायला.

१९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळालं. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या १०४ व्या वर्षी ते वारले.

माझी ताई यंदा सातवीत आहे. हायस्कूल सहा किलोमीटरवर आहे, वेळेवर एस. टी. नाही. घरात अजून काही ठरलं नाही. हे सगळं मी तिला चुलीपाशी वाचून दाखवलं. बाबाही तिथंच बसले होते. ताईनं एवढंच विचारलं, की पार्वतीबाई परत आल्या का.

आल्या. आणि पुन्हा आश्रमाच्याच कामाला लागल्या.