रुळांकाठचा बिशप

१९७८ सालच्या मे महिन्यातली १३ तारीख, वार शनिवार. उत्तर इंग्लंडमधल्या ॲपलबी नावाच्या लहानशा गावाच्या स्टेशनात एक गाडी यायची होती. गाडी हौशी प्रवाशांची, खास काढलेली. तिला लागणारं इंजिन होतं ‘इव्हिनिंग स्टार’, म्हणजे ब्रिटिश रेल्वेने १९६० साली स्विंडनच्या कारखान्यात बांधलेलं शेवटचं वाफेचं इंजिन. तिचं छायाचित्र घ्यायला सत्तरीतले एक गृहस्थ कॅमेरा घेऊन स्टेशनात आले होते. तिथेच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यांचा अंत झाला. हे गृहस्थ म्हणजे वेकफील्डचे निवृत्त बिशप एरिक ट्रेसी. इंग्लंडात आगगाड्यांच्या वेडापायी जन्म घालवलेली माणसं थोडीथोडकी नाहीत, पण त्या सगळ्यांत हे नाव फार वरचं.

देवाधर्माचा माणूस आणि इंजिनांचा नाद, ही जोडी ऐकायला गंमतीची वाटते. इंग्लंडात ती तशी नवलाची नाही. रुळांवर जीव टाकणारे पाद्री तिथे बरेच होऊन गेले. ट्रेसींची गोष्ट वेगळी वाटते ती एवढ्यासाठी, की त्यांचा छंद त्यांच्या कामाच्या वाटेवरच त्यांना भेटला.

ट्रेसींचा जन्म २ जून १९०७ चा, लंडनच्या विल्सडेन भागातला. शिक्षण लंडनमध्येच झालं. पुढे ते लिव्हरपूलला गेले आणि तिथल्या कामगार वस्तीतल्या मुलांच्या क्लबचं काम पाहू लागले. १९३२ साली त्यांना धर्मकार्याची दीक्षा मिळाली, त्याच वर्षी लग्नही झालं. १९३६ साली लिव्हरपूलमधल्याच एज हिल भागातल्या सेंट मेरी चर्चचे ते व्हिकर झाले. या नेमणुकीने त्यांच्या आयुष्याचा सांधा बदलला, असं म्हणायला हरकत नाही.

एज हिल म्हणजे रेल्वेच्या इतिहासातलं जुनं क्षेत्रच. १८३० साली लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली ती याच भागातून. ट्रेसी तिथे आले तेव्हा तिथे भलंमोठं लोको शेड होतं, मालगाड्यांचं अवाढव्य यार्ड होतं, आणि पॅरिशमधल्या कितीतरी घरांची चूल रेल्वेच्या पगारावर पेटत होती. कुणी ड्रायव्हर, कुणी फायरमन, कुणी शेडमध्ये इंजिनं पुसणारा. रात्रपाळी, दिवसपाळी, अवेळी येणं, अवेळी जाणं. अशा लोकांना रविवारी सकाळी चर्चमध्ये गाठायचं म्हटलं तर निम्मे कामावर आणि उरलेले झोपलेले. तेव्हा त्यांना भेटायचं तर शेडमध्येच जायला हवं. ट्रेसी गेले. गाड्यांची फोटोग्राफी त्यांनी लिव्हरपूलच्या याच वर्षांत सुरू केली.

इथे थोडं त्या जागेविषयी सांगायला हवं. लिव्हरपूलच्या लाइम स्ट्रीट स्टेशनातून गाडी सुटली, की एज हिलपर्यंत तिला चढ चढावा लागतो. अगदी सुरुवातीच्या काळात तो इतका अवघड वाटे, की गाड्या दोराने वर ओढून घेत. १८७० पर्यंत हे चाललं. पुढे बोगद्याचा बराचसा भाग वरून उघडा करण्यात आला आणि त्या जागी उंच दगडी भिंतींची खोल खिंड झाली. लंडनला निघालेली एक्स्प्रेस या खिंडीतून वर येताना इंजिन पुरतं धापा टाकत असे. छायाचित्रकाराला याहून चांगलं काय हवं? चढावर गाडीचा वेग कमी असतो, म्हणजे त्या काळच्या फिल्मवरही ती हलल्यासारखी न दिसता टिपता येते. इंजिन जोर लावत असतं, म्हणून धुराचा लोट भरघोस. आणि हवा थंड असली की वाफ पांढरीशुभ्र दिसते. सपाटीवर सत्तर मैलांच्या वेगाने पळणाऱ्या गाडीच्या फोटोत बऱ्याचदा धुराची एक केविलवाणी रेघ तेवढी येते. ट्रेसी पुढे आयुष्यभर चढ शोधत हिंडले, त्याचं कारण हे.

त्यांचा सगळ्यात आवडता चढ म्हणजे लंडनहून स्कॉटलंडकडे जाणाऱ्या मार्गावरचा शाप. टेबे गावापासून चार मैल, पंच्याहत्तरात एक असा चढ. आपल्या बोरघाटात सदतिसात एक आहे, त्यामानाने हा सौम्यच. पण वाफेच्या एका इंजिनामागे जडशीळ गाडी असली म्हणजे पंच्याहत्तरात एकही पुरेसा होतो. कर्जतला मागून बँकर लागतो हे आपण लहानपणापासून पाहत आलो. टेबेलाही तशीच मागून ढकलायला इंजिनं सज्ज असत. उघडा माळ, वारा, मेंढ्या, आणि दूरवरून येणारा इंजिनाचा ठेका. ट्रेसी तिथे उभे राहत, तेव्हा वर येणाऱ्या इंजिनातल्या माणसांना तो गळ्यात पांढरी पट्टी घातलेला माणूस कोण हे ठाऊक असे. त्यांच्यासाठी फायरमन मुद्दाम दोन फावडी जास्त टाकून धूर काढत, असं सांगतात. सगळ्याच छायाचित्रकारांच्या वाट्याला हे येत नसे.

ते येण्यामागे नुसता मैत्रीचा भाग नव्हता, असं मला वाटतं. वाफेच्या इंजिनाचं रूप रुळांकाठून पाहणाऱ्याला वेगळं दिसतं आणि फूटप्लेटवर उभ्या असलेल्याला वेगळं. मोठ्या एक्स्प्रेस इंजिनाच्या टेंडरमध्ये नऊ-दहा टन कोळसा असे, आणि लांबच्या प्रवासात त्यातला बराचसा एका माणसाच्या फावड्याने भट्टीत जात असे. समोर भट्टीची धग, पाठीवर बोचरा वारा, डोळ्यांत कोळशाची कणी. आपण लहानपणी खिडकीशी बसण्याच्या हट्टापायी एखादी कणी डोळ्यात घेतली, तेवढ्याने आईला पदराची पुरचुंडी करून फुंकर घालावी लागायची. इथे तर आयुष्यच त्यात गेलेलं. ट्रेसींनी ही माणसं शेडमध्ये पाहिली होती, त्यांच्या घरी ते गेले होते, त्यांच्यातल्या मेलेल्यांना मूठमाती देताना प्रार्थना म्हटली होती. त्यांनी काढलेल्या चित्रांत इंजिनांबरोबर ड्रायव्हर-फायरमनची चित्रंही आहेत, काळवंडलेल्या चेहऱ्यांची, कॅमेऱ्याकडे न बुजता पाहणारी.

१९४० साली ते सैन्यात धर्मोपदेशक म्हणून गेले. युद्धकाळात रुळांजवळ कॅमेरा घेऊन उभं राहणं म्हणजे हेर ठरायची तयारी, त्यामुळे छंद थंडावला. १९४५ साली एम.बी.ई. हा किताब घेऊन ते परतले आणि यॉर्कशायरमध्ये किथलीला रेक्टर झाले. त्यानंतरचा प्रवास शिडी चढल्यासारखा: १९४९ साली हॅलिफॅक्सचे आर्चडीकन, १९६१ साली पाँटिफ्रॅक्टचे बिशप, १९६८ साली वेकफील्डचे बिशप. एवढ्या जबाबदाऱ्या सांभाळून त्यांनी हजारो छायाचित्रं काढली. लीड्सच्या आसपासची शेडं, सेटल ते कार्लाइलची डोंगरवाट, स्कॉटलंडातले चढ, सगळीकडे ते पोचले. फोटोंची पुस्तकं निघाली आणि ती खपलीही. १९४९ सालचं ‘स्टीम अप’ आणि १९६६ सालचं ‘ल्युअर ऑफ स्टीम’ ही त्यांतली दोन.

त्यांच्या चित्रांवर टीका झाली नाही असं नाही, आणि ती सगळी चुकीचीही नव्हती. समोरून जरा तिरकं येणारं चकचकीत इंजिन, वर धुराचा तुरा, मागे डब्यांची रांग, हा त्यांचा ठरलेला साचा. साठीच्या दशकात आलेल्या तरुण छायाचित्रकारांनी धुकं, पाऊस, रिकामे फलाट, घाईने लोकल पकडणारी माणसं आणि गंजलेली इंजिनं टिपली. त्या चित्रांपुढे ट्रेसींची चित्रं कॅलेंडरवरची वाटू शकतात. आणि हेही खरं, की रोज सकाळी कारकुनांना शहरात आणून सोडणाऱ्या पॅसेंजर गाड्यांपेक्षा नावाजलेल्या एक्स्प्रेस गाड्यांकडेच त्यांचा ओढा अधिक. पण जो माणूस आपल्या मित्रांच्या हातातलं इंजिन टिपतो, तो ते सणाच्या दिवशी नटून आल्यासारखंच टिपणार, यात मला खोट दिसत नाही.

१९६८ साल मात्र कठीण आलं. ज्या वर्षी ते वेकफील्डचे बिशप झाले, त्याच वर्षीच्या ११ ऑगस्टला ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरची वाफेची शेवटची गाडी धावली. त्यानंतर वाफेच्या इंजिनांना मज्जावच झाला, तो १९७१ पर्यंत. हौशी लोकांनी डोळ्यांना रुमाल लावले. पण शेडमधल्या माणसांसाठी तो नुसता हळवेपणाचा प्रसंग नव्हता. फायरमनची कलाच निरुपयोगी झाली. शेडं बंद पडली, वस्त्या विस्कटल्या. दुसरीकडे कितीतरी ड्रायव्हरांना डिझेलच्या स्वच्छ, उबदार केबिनमध्ये बसायला मिळालं आणि त्यांना जुन्याची मुळीच आठवण येत नव्हती. ट्रेसींनी डिझेल आणि विजेच्या गाड्यांचेही फोटो काढले. जीव वाफेत अडकला होता, तरी कॅमेरा ठेवून दिला नाही.

१९७६ साली ते निवृत्त झाले आणि लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगराळ भागात राहायला गेले. सेटल-कार्लाइलचा मार्ग तिथून फार लांब नाही. ७२ मैलांच्या या मार्गाची तेव्हा दैना झाली होती. १९७० साली साध्या पॅसेंजर गाड्या बंद होऊन वाटेतली फक्त सेटल आणि ॲपलबी ही दोनच स्टेशनं उघडी राहिली होती. १९७८ साली या मार्गावर वाफेच्या इंजिनांच्या खास गाड्या पुन्हा सुरू झाल्या. म्हातारपणी दारात हरवलेला सोबती परत यावा, तसं त्यांना झालं असेल. ती संधी त्यांना काही आठवडेच मिळाली.

त्यांच्या मागे राहिलेल्या चित्रांची संख्या सुमारे १२,००० आहे. हा संग्रह यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाकडे गेला. १९७९ साली ब्रिटिश रेल्वेने एका इंजिनाला ‘बिशप एरिक ट्रेसी’ असं नाव दिलं, आणि ते इंजिन होतं विजेचं! शापचा तो चढ १९७४ पासून विजेच्या गाड्या सहज चढून जात होत्या, तेव्हा दुसरं इंजिन कुठून आणणार? वाफेचंही एक त्यांच्या नावाचं आहे. १९३७ साली बांधलेलं, ४५४२८ क्रमांकाचं ‘ब्लॅक फाइव्ह’ जातीचं हे इंजिन भंगारात जायचं वाचलं आणि यॉर्कशायरच्या माळरानांतून जाणाऱ्या नॉर्थ यॉर्कशायर मूर्स रेल्वेवर त्याने सुट्टीतल्या मुलाबाळांचे डबे ओढले.

सेटल-कार्लाइलचा मार्ग बंद करायचा घाट पुढे घातला गेला, पण लोकांच्या आग्रहामुळे १९८९ साली तो वाचला. ॲपलबीला गाड्या थांबतात. तिथे ट्रेसींच्या नावाची एक पाटी लावलेली आहे.