बडोद्यातील खोली ते दादरचे राजगृह

लासूर स्टेशन : मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारी रेल्वे लासूर स्टेशन, पोटूळ मागे टाकून दौलताबाद गाठते. तेथील किल्ल्याच्या हौदावर हातपाय धुतले म्हणून १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शिवीगाळ झाली. पाण्याचा हा प्रसंग सुपरिचित आहे. त्यांना नाकारल्या गेलेल्या निवाऱ्याची चर्चा मात्र कमी होते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले बाबासाहेब न्यूयॉर्कमध्ये शिकताना कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात राहिले. तेथे अस्पृश्यतेचा विसर पडला होता. १९१७ मध्ये करारानुसार ते बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा हुद्दा मिळाला, पण खोली मिळेना. अखेर पारशी नाव लावून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. माडीवर अडगळीने भरलेले अंधारे दालन, त्यालगत लहानशी खोली, रोजचे दीड रुपया भाडे आणि सोबतीला पुस्तके. अकराव्या दिवशी सकाळी लाठ्या घेतलेले दहा-बारा पारशी दारात उभे राहिले. संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याचे फर्मान निघाले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही सौम्य शब्दांत असमर्थता दर्शविली. बागेत पाच तास बसून रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले. सौम्य शब्दांतला तो नकार लाठ्यांहून कमी बोचरा नसावा.

त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लुईव्हिल शहराचा, वर्णानुसार वस्त्या ठरविणारा कायदा रद्द केला. तरीही कृष्णवर्णीयांना घर विकू नये, असे खासगी करार तेथे चालूच राहिले. न्यायालयांनी त्यांची अंमलबजावणी करू नये, हा निर्णय १९४८ मध्ये आला.

मुंबईत परळच्या चाळीतील दोन खोल्यांत बाबासाहेबांनी बरीच वर्षे काढली. १९३० च्या दशकात त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले. घरापेक्षा ते ग्रंथालयच अधिक होते. १९५० मध्ये औरंगाबादेत त्यांनी मिलिंद महाविद्यालय सुरू केले. मराठवाड्यातील गरीब विद्यार्थ्यांना नागसेनवनाच्या वसतिगृहांत हक्काचे छप्पर मिळाले.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली आकारलेल्या संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली, हॉटेले व पाणवठे सर्वांना खुले केले. खासगी घराचा दरवाजा मात्र वादाचाच विषय राहिला. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व पारशांपुरते ठेवण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविला. भाड्याची खोली पाहायला गेलेल्या तरुणाला पगाराआधी आडनाव विचारणारे घरमालक आजही शहरात भेटतात.