तारेतला आवाज जपणारे ऑलिव्हर हेविसाइड



आज दूरदेशीच्या माणसाचा आवाज आपण शेजारी बसल्यासारखा ऐकतो. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र तार जितकी लांब, तितका आवाज क्षीण आणि अस्पष्ट होत असे. हा दोष का येतो व तो कसा दूर करावा, हे गणिताने दाखविणारे शास्त्रज्ञ म्हणजे ऑलिव्हर हेविसाइड. त्यांना स्वतःला मात्र कमी ऐकू येत असे! या अंकात आम्ही त्यांचा परिचय करून देत आहोत.

हेविसाइड यांचा जन्म १८ मे १८५० रोजी लंडनमधील कॅमडेन टाउन येथे झाला. वडील लाकडावर चित्रे कोरणारे कारागीर. घरची परिस्थिती बेताची. लहानपणी स्कार्लेट फीवर झाला आणि ऐकणे अधू झाले. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. पुढचा सारा अभ्यास त्यांनी स्वतःच केला. मावशीचे यजमान चार्ल्स व्हीटस्टन हे तारायंत्राचे नामवंत संशोधक होते. १८६८ मध्ये हेविसाइड डेन्मार्कला तारायंत्राच्या नोकरीवर गेले. नंतर न्यूकॅसलला आले. १८७४ मध्ये त्यांनी नोकरी सोडली, ती कायमचीच. मॅक्सवेल यांच्या विद्युतचुंबकीय सिद्धांताचा त्यांनी ध्यास घेतला आणि त्यातील किचकट समीकरणे चार सुटसुटीत सूत्रांत मांडली.

तारेतून जाणाऱ्या संदेशाची काही शक्ती रोधामुळे उष्णतेत जाते, काही आवरणातून गळते. शिवाय उंच स्वर अधिक क्षीण होतात आणि सर्व स्वर एका वेगाने पोहोचत नाहीत. म्हणून बोलणे गिचमिड होते. १८८७ मध्ये हेविसाइड यांनी दाखविले की, तारेचा इंडक्टन्स योग्य प्रमाणात वाढविला तर सर्व स्वर सारखेच क्षीण होतील आणि बरोबरच पोहोचतील. ‘इंडक्टन्स’ हा शब्दही त्यांचाच.

परंतु ब्रिटिश टपाल खात्याचे बडे अभियंता विल्यम प्रीस यांना इंडक्टन्स घातक वाटे. हेविसाइड आणि त्यांचे बंधू आर्थर यांचा लेख त्यांनी अडविला. पुढे अमेरिकेत मायकेल प्युपिन यांनी तारेत ठरावीक अंतरावर वेटोळी बसविण्याचे पेटंट १९०० मध्ये मिळविले आणि ते श्रीमंत झाले. पेटंट न घेतलेल्या हेविसाइड यांच्या हाती काहीच आले नाही.

आजही रेडिओ-यंत्रे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत हाच हिशेब असतो. सिग्नल जनरेटरमधून निघालेला संदेश केबलमधून यंत्रापर्यंत पोहोचताना कमी होतो. केबलमध्ये ३ डेसिबल घट असेल, तर शक्ती जवळजवळ निम्मी होते. म्हणून आधी ती घट मोजतात आणि जनरेटरची पातळी तेवढीच वाढवून ठेवतात. कंप्रता वाढली की घटही वाढते. त्यामुळे प्रत्येक कंप्रतेला मापन वेगळे करावे लागते. हे विसरले तर चांगले यंत्रही सदोष ठरते! केबलच्या या गणिताचा पाया हेविसाइड यांनी घातला.

१८९१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. रेडिओ लहरी परत पाठविणारा थर वातावरणात उंचावर असावा, हे त्यांनी १९०२ मध्ये सुचविले. १९२२ मध्ये पहिले फॅरेडे पदक त्यांना मिळाले. तरीही अखेरची वर्षे एकाकीपणात आणि ओढग्रस्तीत गेली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी टॉर्की येथे त्यांचे निधन झाले.

पालकांना आमची एक विनंती आहे. वर्गात मागच्या बाकावर बसून उत्तर न देणारे मूल दुर्लक्ष करीत असेलच असे नाही. कदाचित त्याला ऐकूच येत नसेल. त्याची तपासणी वेळेवर करून घ्यावी. आणि मित्रांनो, शाळेतील अशा सोबत्याला पुढच्या बाकावर जागा द्या.