मूठभर धान्याची श्रीमंती : कर्मवीर भाऊराव पाटील

जैन कुळात जन्म घेऊन आपले संपूर्ण आयुष्य बहुजन समाजाच्या शिक्षणासाठी वेचणाऱ्या थोर पुरुषांमध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव आदराने घेतले जाते. दि. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर परिसरातील कुंभोज येथे त्यांचा जन्म झाला. त्यांचे मूळ घराणे वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. वडील पायगोंडा पाटील हे महसूल खात्यात नोकरीस होते. घरी शेती होती, धर्माचे संस्कार होते. परंतु संपत्तीचा साठा नव्हता.

शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापुरास आले आणि तेथील दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले. परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्याची सक्ती त्यांनी मानली नाही. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. पुढे राजर्षी शाहू महाराजांच्या सहवासाने आणि महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांनी त्यांच्या जीवनाला दिशा मिळाली. शालेय शिक्षण अपुरेच राहिले. चरितार्थासाठी त्यांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या, ओगले काच कारखान्याचा व किर्लोस्करांच्या नांगरांचा प्रचार करीत ते गावोगाव हिंडले. या भटकंतीत त्यांनी खेड्यांचे दारिद्र्य अगदी जवळून पाहिले.

त्या काळी खेड्यात शिक्षणाचा विषय निघाला की, पैसा नाही, इमारत नाही, मास्तर नाही, असेच उत्तर मिळे. अभाव खरा होता. परंतु पिढ्यान्‌पिढ्या सोसल्यामुळे तो मनातही घर करून बसला होता. गरिबाच्या मुलाने शिकू नये, असे आता कोणी सांगण्याची गरजच उरली नव्हती. ते तो गरीब स्वतःच मानू लागला होता. भाऊरावांनी हा प्रश्न उलट्या बाजूने पाहिला. गावात काय नाही याची यादी करण्याऐवजी काय आहे याची मोजदाद त्यांनी केली. सुगीला प्रत्येक घरी धान्य येते, त्यातील मूठभर देणे कोणासही जड नाही. पडीक माळ आहेत, दगड आहेत, आणि सर्वांत मोठे भांडवल म्हणजे मुलांचे दोन हात आहेत. या हिशेबावर ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली.

१९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. एकाच पंक्तीस सर्व जातींची मुले जेवत, आपली भाकरी आपणच भाजत. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई या सुखवस्तू, सोवळे पाळणाऱ्या घरातून आलेल्या. सुरुवातीस त्यांनाही हे सारे जड गेले; परंतु लवकरच त्या या मुलांच्या आई झाल्या. वसतिगृहातील धान्य संपले, भाऊराव परगावी होते, तेव्हा मुले उपाशी राहू नयेत म्हणून त्यांनी आपले मंगळसूत्रही मोडले. त्यापूर्वी त्यांचे इतर दागिने याच कामी खर्ची पडले होते. १९३० मध्ये लक्ष्मीबाईंचे निधन झाले. संस्थेचे वैभव पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. त्या माउलीने दिलेले दान उरलेल्यातले नव्हते, हे विसरता येणार नाही.

एका घराच्या त्यागावर संस्था फार काळ चालत नाही, हे भाऊरावांनी ओळखले होते. म्हणूनच ‘कमवा आणि शिका’ ही योजना त्यांनी कार्याचा कणा केली. विद्यार्थी शेती करीत, विहिरी खणत, दगड फोडीत, इमारती बांधीत. त्यामुळे मुलगा धर्मादायावर जगणारा आश्रित न राहता आपल्या शिक्षणाचा स्वतः धनी झाला. देणगीने पोट भरते. श्रमाने मिळविलेल्या भाकरीने ताठ मानही येते, हा त्यामागील विचार होता. १९३५ मध्ये शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज, १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज आणि १९५४ मध्ये कराडचे सद्‌गुरू गाडगे महाराज कॉलेज अशी कार्याची चढती कमान राहिली. खेडोपाडी व्हॉलंटरी शाळांची संख्या पाचशेच्या पुढे गेली.

१९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. याच सुमारास शासनाचे अनुदान थांबले आणि संस्थेपुढे मोठे संकट उभे राहिले. एखादा मनुष्य अशा वेळी आहे ते राखण्याचा विचार करता. भाऊरावांनी संकल्प आवरता घेतला नाही. ते पुन्हा जनतेच्या दारी गेले. पुढे अनुदान पूर्ववत झाले आणि शाळाही वाढत राहिल्या.

१९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाने डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे देहावसान झाले. वटवृक्ष हे बोधचिन्ह असलेल्या त्यांच्या संस्थेच्या पारंब्या पुढे अनेक जिल्ह्यांत रुजल्या.

भाऊरावांनी कर्मकांडाशी वाद घातला, परंतु जैन विचाराचा गाभा त्यांच्या आचरणात उतरला होता. अपरिग्रह म्हणजे दारिद्र्य नव्हे. आपली गरज किती, हे ज्याने ठरविले, त्यालाच आपल्याजवळ देण्याजोगे किती आहे हे दिसते. ज्याने मर्यादा ठरविली नाही, त्याला कोठार भरले तरी कमीच वाटते. तत्त्वार्थसूत्राने जीवांचा परस्परांवरील उपकार हा जीवनाचा धर्म मानला आहे. तोच धर्म भाऊरावांनी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आणला.

घोडनदीकाठचे शिरूर आणि भीमाकाठचे दौंड या दोन्ही तालुक्यांनी १९७२ चा दुष्काळ सोसला आहे. येथील व्यापारी व शेतकरी या दोघांनाही तुटीचा हिशेब नवा नाही. न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी शिलकेचा ताळेबंद मांडताना कर्मवीरांची ही मोजदादही स्मरणात असावी. पुढील पन्नास वर्षांसाठी निधी किती जमला, याबरोबरच कोणत्या घरचे मूल पैशाअभावी शाळेबाहेर आहे आणि आपल्या कोठारात त्याच्यासाठी मूठभर काय आहे, हेही पाहिले गेले, तर कर्मवीरांचे स्मरण खऱ्या अर्थाने सार्थकी लागेल.