विल्यम कूपर : आशा हरपलेला गीतकार

ख्रिस्ती भाविकाचें तारण एकदां झालें म्हणजे तें कायमचें, कीं तें पुनः त्याच्या हातून निसटूं शकतें, हा वाद ख्रिस्ती मंडळींत शतकानुशतकें चालत आला आहे. आज आम्ही वाचकांपुढें या वादांतील प्रमाणें न ठेवतां एका मनुष्याचें चरित्र ठेवीत आहों. कारण हा प्रश्न त्यानें सत्तावीस वर्षें आपल्या जिवावर सोसला.

इंग्रजी कवि विल्यम कूपर १७३१ सालीं बर्कमस्टेड गांवीं एका धर्मोपदेशकाच्या घरीं जन्मला. सहाव्या वर्षींच त्याची आई वारली. वेस्टमिन्स्टरच्या शाळेंत शिकून तो १७५४ सालीं वकील झाला. पुढें १७६३ सालीं त्याला पार्लमेंटच्या वरिष्ठ सभागृहांत कारकुनाची चांगली जागा मिळूं लागली. परंतु तीसाठीं सभागृहापुढें परीक्षा द्यावयाची होती. त्या भीतीनें त्याचें मन ढासळलें, व त्यानें जीव देण्याचाहि प्रयत्न केला. तेव्हां आप्तांनीं त्याला सेंट ऑल्बन्स येथें डॉक्टर नॅथॅनियल कॉटन यांच्या मनोरुग्णालयांत ठेविलें. तेथें १७६४ सालीं बायबल उघडलें असतां पौलाच्या रोमकरांस पत्राचा तिसरा अध्याय त्याच्या दृष्टीस पडला. ख्रिस्ताच्या रक्तानें आपल्याहि पापांचें प्रायश्चित्त झालें आहे, हें त्याच्या अंतःकरणास पटलें, आणि आनंदानें त्याचा कंठ दाटून आला.

यानंतर अन्विन नांवाच्या सुशील कुटुंबानें त्याला आपल्या घरीं ठेवून घेतलें. १७६७ सालीं गृहस्थ अन्विन अपघातानें वारले, तेव्हां विधवा अन्विनबाई व कूपर ओल्नी गांवीं राहावयास गेलीं. तेथील धर्मोपदेशक जॉन न्यूटन हा पूर्वायुष्यांत गुलाम वाहणाऱ्या जहाजाचा कप्तान होता. दोघे मित्र गरिबांच्या समाचारास जात, प्रार्थनासभा चालवीत, आणि सभांसाठीं गीतें रचीत. १७७९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संग्रहांत ३४८ गीतें असून त्यांतील साठांहून अधिक कूपरचीं आहेत. देवाचे मार्ग गूढ असले तरी त्याचा हेतु प्रेमाचाच असतो, या आशयाचें त्याचें गीत आजहि जगभर गातात.

परंतु संग्रह छापून येण्यापूर्वींच गीतकाराची आशा हरपली होती. १७७३ सालच्या आरंभीं त्याला पुनः त्या व्याधीनें ग्रासलें. एका भयंकर स्वप्नावरून देवानें आपणांस कायमचें टाकिलें आहे असें त्याच्या मनानें घेतलें. तेव्हांपासून तो उपासनेस जाईनासा झाला. प्रार्थना करण्याचा आपणांस अधिकार उरला नाहीं, अशी त्याची समजूत होती.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. कूपर व न्यूटन हे कॅल्व्हिनच्या मताचे होते. ज्याला देवानें खरोखर आपलें म्हटलें तो शेवटपर्यंत राखिला जातो, असें तें मत सांगतें. उलट त्याच काळचा जॉन वेस्ली म्हणे कीं, भाविक विश्वासापासून फिरला तर तो पतित होऊं शकतो. पण कूपरनें ख्रिस्तास नाकारिलें नव्हतें, कीं दुराचाराचा मार्ग धरिला नव्हता. म्हणजे दोहोंपैकीं कोणत्याहि मतानें पाहिलें तरी त्यानें स्वतःवर केलेल्या निवाड्यास आधार सांपडत नाहीं. तें मत सर्वांस लागू आहे, मीच काय तो एकटा अपवाद, असें तो मानी. आज ज्याला वैद्य तीव्र नैराश्याचा विकार म्हणतात, त्याचें हें स्पष्ट लक्षण होय.

न्यूटननें त्याला एक वर्षाहून अधिक काळ आपल्या घरीं ठेवून घेतलें. अन्विनबाईंनीं अहोरात्र शुश्रूषा केली. मन रमावें म्हणून कूपरनें सशांचीं तीन पिलें पाळलीं, बाग केली, सुतारकाम केलें. अशा अवस्थेंत त्याच्या हातून १७८५ सालीं ‘द टास्क’ हें थोर काव्य व १७९१ सालीं होमरच्या महाकाव्यांचें भाषांतर प्रसिद्ध झालें. १७८८ सालीं त्यानें गुलामांच्या व्यापाराविरुद्ध कविता लिहिल्या. आपणांस दया नाहीं असें मानणारा हा मनुष्य दुसऱ्यांसाठीं दयेची याचना करीत राहिला!

१७९६ सालीं अन्विनबाई वारल्या. १७९९ सालीं त्यानें समुद्रांत पडून बुडालेल्या एका खलाशावर कविता लिहिली व स्वतःची अवस्था त्याहूनहि भयंकर असल्याचें सुचविलें. २५ एप्रिल १८०० रोजीं ईस्ट डेरेम येथें त्यानें देह ठेविला. मृत्यूनंतर त्याच्या मुखावर शांति व आश्चर्य दिसलें, असें जवळ असलेल्या आप्तानें लिहून ठेविलें आहे. त्या एका गोष्टीवर आम्ही सिद्धांत उभारीत नाहीं. परंतु न्यूटननें त्याला कधींहि देवानें टाकिलेला मानिलें नाहीं, यास आम्ही अधिक महत्त्व देतों.

आमच्या मतें या चरित्राचें सार असें : तारणाचा आधार धरणाऱ्याच्या हातांत आहे, धरलेल्याला वाटणाऱ्या भरंवशांत नव्हे. तापानें ग्लानि आलेल्या मुलाला आपल्या उशाशीं आई आहे हें कळत नाहीं. म्हणून आई तेथें नसते काय? आपल्यापैकीं कोणी असा निराश झालेला दिसला, तर त्याच्याशीं वाद घालण्यापेक्षां न्यूटनप्रमाणें आपल्या घराचें दार उघडावें, त्याला वैद्याकडे न्यावें, आणि त्याला स्वतःसाठीं प्रार्थना करवत नसेल तोंपर्यंत ती आपण करावी.