विश्लेषण : फॅरेडेंच्या बाटलीतले लाल सोने मिठाने निळे का झाले?

सोने पिवळे असते, हे लहान मूलही सांगेल. पण त्याच सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगू लागले की पाणी माणकासारखे लाल दिसते. त्यात शिरोड्याच्या मिठागरातले थोडे मीठ टाकले, तर ते बघता बघता निळे होते. हा प्रकार पहिल्यांदा कसून तपासला मायकेल फॅरेडे यांनी. शालेय पुस्तकांनी त्यांना चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यापुरते ठेवले आहे, पण सोन्याच्या नॅनोकणांचा शास्त्रीय अभ्यासही त्यांच्याच प्रयोगवहीतून सुरू होतो.

लोहाराचा मुलगा प्रयोगशाळेत कसा पोहोचला?

२२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ जन्मलेल्या फॅरेडेंचे वडील लोहार होते. घरी ओढग्रस्त, शिक्षण जेमतेम. चौदाव्या वर्षी ते पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागले आणि बांधायला येणारी पुस्तके वाचू लागले. १८१२ मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्यांना हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरेडेंनी व्याख्यानांची टिपणे काढली, स्वतः बांधली आणि डेव्हींना पाठवली. मार्च १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनिसाची नोकरी मिळाली. १८३१ मध्ये त्यांनी चुंबकापासून वीज निर्माण करण्याचे तत्त्व शोधले. पुढे सर ही पदवी आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद, दोन्ही त्यांनी नाकारले.

मग सोनेच का?

१८५६ मध्ये हे काम हाती घेतले तेव्हा फॅरेडे चौसष्ट वर्षांचे होते. स्मरणशक्ती बरीच वर्षे दगा देत होती. कालचा प्रयोग आज आठवेल याची खात्री नसलेल्या या माणसाचा सारा भरवसा वहीवर होता. तिच्यातल्या नोंदींना ते ओळीने क्रमांक देत.

प्रश्न प्रकाशाचा होता. सोन्याचा वर्ख प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही पुष्कळ पातळ असतो. अशा पदार्थातून जाताना प्रकाशाचे काय होते? वर्खावरून परतणारा प्रकाश पिवळा, तर आरपार जाणारा हिरवा. काचेवरचा वर्ख तापवला की हिरवा रंग जाई आणि गुळगुळीत स्फटिकाने दाबला की परत येई. सोने तेच, रंग मात्र निराळा.

मग त्यांनी सोन्याच्या क्षाराच्या पातळ द्रावणात कार्बन डायसल्फाइडमध्ये विरघळवलेला फॉस्फरस घातला. द्रव लालबुंद झाला. हे विरघळलेले सोने की धातूचे कण? फॅरेडेंनी भिंगाने प्रकाशाचा झोत आत सोडला, तेव्हा धूळभरल्या खोलीत कवडसा दिसावा तशी त्याची वाट उजळली. म्हणजे आत कण होते. मीठ घालताच लाल रंग निळा झाला; जिलेटिनसारखा चिकट पदार्थ आधीच मिसळला असेल, तर रंग टिकला.

आजचा खुलासा असा : कणांवर विद्युतभार असल्याने ते एकमेकांना दूर लोटतात. मिठातले आयन हे लोटणे कमकुवत करतात, कण एकमेकांना चिकटतात आणि रंग बदलतो. ५ फेब्रुवारी १८५७ रोजी फॅरेडेंनी रॉयल सोसायटीपुढे हे काम मांडले. तो एकेकटा कण पाहण्याचे साधनच तेव्हा नव्हते. २५ ऑगस्ट १८६७ रोजी ते वारले. त्यांच्या सोन्याच्या बाटल्या लंडनला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपलेल्या आहेत.

कणांना हवा तो आकार कसा देतात?

इथे दोन शब्दांची गल्लत होते. आकारमान म्हणजे कण केवढा, आकार म्हणजे कण कसा : गोल, दांडीसारखा की त्रिकोणी. फॅरेडेंच्या हाती या दोहोंपैकी कशाचाच लगाम नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रिचर्ड झिग्मोंडी यांनी फॅरेडेंच्याच पद्धतीने केलेले बारीक कण बियाण्यासारखे वापरून त्यांच्यावर सोने वाढवले. १९१२ मध्ये रिचर्ड गान्स यांनी कणाच्या आकारानेही रंग बदलतो हे गणिताने मांडले.

आजची युक्ती त्याच बियाण्यावर उभी आहे. वाढत्या कणाच्या काही बाजूंना विशिष्ट रेणू किंवा आयन चिकटतात आणि तिथली वाढ अडते. सोन्याचे नवे अणू मग मोकळ्या बाजूंवर बसतात. वरखाली अडवले की कण चपटा पसरतो, कडेने अडवले की लांब दांडी होते. अभिक्रिया घाईने झाली तर निवड करायला वेळच मिळत नाही आणि बहुतेक कण गोल निघतात.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने २००४ मध्ये हे काम एका गवताकडून करून घेतले. मालवणात घरोघरी परसात असतो त्या गवती चहाच्या जातकुळीतले हे गवत. त्याच्या पानांच्या अर्कातून सोन्याचे चपटे नॅनोत्रिकोण मिळाले. पुढे २००६ मध्ये याच गटाने दाखवले की क्लोराइड आयन त्रिकोणांच्या वाढीला हातभार लावतात, तर आयोडाइड आयन त्रिकोणी आकार बिघडवतात आणि एकमेकांना चिकटलेले गोल कण तयार करतात. क्लोराइड म्हणजे फॅरेडेंच्या बाटलीत पडलेल्या मिठाचाच एक भाग. त्रिकोण हे त्वचेतून काहीसा आत शिरणारा अवरक्त प्रकाश शोषून तापतात, म्हणून कर्करोगाच्या उपचारासाठी त्यांच्याकडे पाहिले जाते. अडचण एवढीच, की त्रिकोणांबरोबर गोल कणही तयार होतात आणि ते निवडून वेगळे काढावे लागतात.